१९२० च्या नियमांनी अमेरिकन फुटबॉल: नागपूरच्या मैदानावर सामना कसा भरवायचा

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलचा पहिला संघटित हंगाम १९२० चा. त्या वर्षी २० ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर अशा दोन बैठका ओहायोतल्या कँटन गावी राल्फ हे (Hay) यांच्या मोटारींच्या शोरूममध्ये झाल्या आणि अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन उभी राहिली. अध्यक्षपद मिळालं जिम थॉर्पला. तो तेव्हा स्वतः कँटन बुलडॉग्जकडून खेळतही होता. हीच संस्था १९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, म्हणवते. त्या हंगामात १४ संघ होते. अक्रन प्रोज या संघाने ११ सामने खेळून सगळे मिळून फक्त ७ गुण दिले, आणि शेवटचे दोन सामने ०–० असे सुटले.

आजचा खेळ टीव्हीवर पाहणाऱ्याला ०–० हा आकडा छापखान्याची चूक वाटेल. त्याचं उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा मैदानावर लवकर मिळतं. तेव्हाचा चेंडू, तेव्हाचे गोलपोस्ट आणि तेव्हाच्या रेघा घेऊन दोन तास खेळा, गुण का होत नव्हते ते पायांना कळतं. नागपुरात असा प्रदर्शनीय सामना भरवायला फार खर्च येत नाही. मेहनत मात्र आखणीत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

मैदान आणि वेळ

डिसेंबर ते जानेवारीचा मध्य हा काळ धरा. वार रविवार. शनिवार कॉलेजांच्या सामन्यांचा असल्यामुळे १९२० चे व्यावसायिक संघही मुख्यतः रविवारीच खेळत. डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि नवख्या खेळाडूंचा सामना अडीच तास सहज खातो. तेव्हा पहिली शिट्टी अडीचला वाजली पाहिजे. 'तीनला जमू' म्हणाल तर चौथा क्वार्टर, म्हणजे सामन्याचा शेवटचा पाव भाग, अंधारात जाईल.

पूर्ण मैदान ३६० फूट लांब आणि १६० फूट रुंद, म्हणजे १०९.७३ मीटर बाय ४८.७७ मीटर. यात दोन्ही टोकांचे १०-१० यार्डांचे एंड झोन, म्हणजे गोलरेषेमागचे पट्टे, आले. ४०० मीटरच्या ट्रॅकच्या आतल्या मोकळ्या जागेत हे व्यवस्थित मावतं. नेहमीच्या फुटबॉल मैदानात रुंदी भरपूर मिळते, लांबी मात्र कमी पडते. तसं झालं तर मधले २० यार्ड गाळा आणि ८० यार्डांचं मैदान करा, एंड झोनसह ९१.४४ मीटर. रुंदीला हात लावू नका. जागा आहे म्हणून वाढवायची नाही आणि सोय म्हणून घटवायचीही नाही. १९२० चा खेळ समजायचा तर ती रुंदीच महत्त्वाची आहे, का ते पुढे येईल.

जमीन निवडताना हिरवळ किती यापेक्षा भेगा किती ते बघा. काळी माती पावसाळ्यानंतर आकसते आणि डिसेंबरपर्यंत बोटभर रुंद भेगा पडतात. त्यात घोटा अडकला की सामना तिथेच संपला. मुरमाचं मैदान टणक असलं तरी त्यावर पाऊल कुठे पडतंय ते कळतं. दोन्हींपैकी निवडायचं झालं तर मुरूम घ्या आणि दोन दिवस आधी पाणी मारून हलका रोलर फिरवा.

आखणी

लागेल ते असं: ५० मीटरचा टेप, सुतळीची तीन-चार बंडलं, ५० खुंट्या, एक हातोडी आणि फक्की. सुतळी आणि काथ्या इतवारीत घाऊक मिळतो. खुंट्या सायकलच्या जुन्या स्पोकांच्या करू नका. गवतात त्या दिसत नाहीत आणि बुटातून आरपार जातात.

आधी एक बाजूरेषा १०९.७३ मीटरची सरळ ओढा. टेप ५० मीटरचा असल्याने तीन ओढी लागतील. दरवेळी टेप सारखाच ताणा. कापडी टेप एका माणसाने ढिला आणि दुसऱ्याने ताठ धरला तर ५० मीटरमागे वीतभर फरक पडतो. कोपऱ्यात काटकोन काढायला ९, १२ आणि १५ मीटरचा त्रिकोण वापरा. ३-४-५ मीटरचा छोटा त्रिकोण इतक्या मोठ्या मैदानाला पुरत नाही, कोपऱ्यातली बोटभर चूक दुसऱ्या टोकाला हातभर होते. चारही कोपरे लागले की कर्ण मोजा. दोन्ही कर्ण १२०.०८ मीटर आले पाहिजेत. ५ सेंटीमीटरपर्यंत फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर खुंट्या हलवा आणि पुन्हा मोजा, फक्की उघडू नका.

आता आडव्या रेघा. शेवटच्या रेषेपासून ९.१४ मीटर आत गोलरेषा. तिथून समोरच्या गोलरेषेपर्यंत दर ५ यार्डांवर एक रेघ. इथे हटकून एक चूक होते: प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपासून मोजली जाते आणि ४.५७२ मीटरचं सोयीसाठी साडेचार केलं जातं. वीस घरांत मग जवळजवळ दीड मीटर गायब होतो. त्यापेक्षा टेप गोलरेषेवर शून्याला धरून ठेवा आणि एकदम खुणा करत जा: ४.५७, ९.१४, १३.७२, १८.२९, २२.८६, २७.४३, ३२.००, ३६.५८, ४१.१५, ४५.७२. शेवटचा आकडा मैदानाचा मध्य. समोरच्या गोलरेषेपासून हेच पुन्हा करा, मध्यावर दोन्ही मोजणी जुळतील. जुळली नाही तर चूक बाजूरेषेच्या लांबीत आहे.

गोलरेषा धरून आडव्या रेघा २१, शेवटच्या २, आणि दोन बाजूरेषा. एकूण लांबी सुमारे १,३४१ मीटर. फक्की किती लागेल हे दुकानदाराला विचारू नका. एक आडवी रेघ ५ सेंटीमीटर रुंदीची मारा, किती फक्की गेली ते वजन करून बघा आणि २७.५ ने गुणा. गवत उंच असेल तर दीडपट लागते, म्हणून आखणीच्या आधी गवत कापून घ्यावं. फक्की म्हणून चुनकळी किंवा नुकताच विरवलेला चुना कुणी देत असेल तर घेऊ नका. या खेळात माणसं तोंडावर पडतात, आणि चुना डोळ्यात गेला तर थेट दवाखाना. खडूची पूड किंवा रांगोळीची जाड पांढरी पूड बरी. बजेट आखडलं तर आतल्या रेघा पूर्ण न मारता दोन्ही बाजूंना मीटर-मीटरचे तुकडे मारा. गोलरेषा आणि दर दहा यार्डांच्या रेघा मात्र पूर्णच हव्यात.

आजच्या मैदानावर मधोमध दिसणाऱ्या तुटक खुणांच्या दोन रांगा, हॅश मार्क, अजिबात आखू नका. व्यावसायिक खेळात त्या १९३३ ला आल्या.

गोलपोस्ट

१९२० मध्ये गोलपोस्ट गोलरेषेवरच असत, आजच्यासारखे मागच्या शेवटच्या रेषेवर नसत. दोन खांबांतलं अंतर १८ फूट ६ इंच, म्हणजे ५.६४ मीटर, आडवी दांडी जमिनीपासून १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटर, आणि खांबांची उंची किमान २० फूट.

चार सरळ बांबू घ्या, प्रत्येकी ७ मीटरचे. ९० सेंटीमीटर जमिनीत गेले की वर ६.१ मीटर राहतात. गोलरेषेचा मध्य बाजूरेषेपासून २४.३८ मीटरवर येतो. तिथून दोन्हीकडे २.८२ मीटरवर खांबाची आतली कड आली पाहिजे. खड्ड्यात काळी माती परत लोटू नका. ती वाळते, आकसते आणि तिसऱ्या दिवशी खांब डुलायला लागतो. दगडगोटे आणि मुरूम थराथराने टाका, पाणी मारा, ठोका. आडवी दांडी सहा मीटरची, बाइंडिंग तारेने बांधून वरून काथ्या गुंडाळा. तारेची टोकं आत वळवा. बांबू मध्ये झोळ धरतो, दांडीचा मध्य पाच-सहा सेंटीमीटर खाली येतो. लोखंडी पाइप मिळाला तर उत्तम.

हे खांब खेळाच्या ऐन वाटेत उभे राहतात, तेव्हा दोन मीटर उंचीपर्यंत जुन्या गाद्या किंवा चौपदरी गोणपाटात भरलेला भुसा सुतळीने घट्ट बांधा. हे राहिलं असेल तर सामना सुरू करू नका. गोलरेषेकडे धावणारा माणूस चेंडूकडे किंवा मागे बघत असतो, समोरच्या खांबाकडे त्याचं लक्ष नसतं.

या जागेचे खेळावर दोन परिणाम होतात. फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून दांडीवरून चेंडू किकने पाठवणं, सोपा होतो: २७ यार्डांवरून मारलेली किक आज त्याच जागेवरून ३७ यार्डांची ठरेल. उलट गोलरेषेजवळ मधून घुसणं अवघड होतं, कारण खांब बचाव करणाऱ्यांना आडोसा देतात.

चेंडू

सीताबर्डीच्या दुकानात 'अमेरिकन फुटबॉल' मागितला आणि सुदैवाने मिळाला, तरी तो घेऊ नका. आजचा चेंडू निमुळता आहे. त्याचा आडवा घेर २१ ते २१¼ इंच भरतो. १९२० चा चेंडू पोटाकडे फुगीर आणि टोकांना बोथट असे: आडवा घेर २२½ ते २३ इंच, उभा घेर २८ ते २८½ इंच, वजन १४ ते १५ औंस, म्हणजे सुमारे ४०० ते ४२५ ग्रॅम. याच्या सगळ्यात जवळ जातो तो पाच नंबरचा रग्बी चेंडू. त्याचा आडवा घेर ५८ ते ६२ सेंटीमीटर असतो आणि जुन्या चेंडूचा ५७ ते ५८.५ येतो. दुकानात टेप घेऊन जा आणि ५८ च्या जवळचा निवडा. जालंधर-मेरठचे चेंडू सहज मिळतात. रबरी दाणेदार पकड असलेला चालेल, फक्त गुळगुळीत प्लास्टिकचा नको. हवा साडेनऊ ते दहा पीएसआय. दोन चेंडू आणि एक पंप, सुईसकट. सुई नेहमी विसरली जाते.

एवढा जाड चेंडू एका हातात नीट बसत नाही, त्यामुळे लांब पास फिरकी घेऊन जात नाही, डगमगतो. फेकणाऱ्याला तळहात चेंडूच्या मागच्या टोकाला लावून ढकलल्यासारखा फेकावा लागतो. १५ यार्डांपलीकडे अचूकता राहत नाही. पण हाच चेंडू बोथट टोकावर टप्पा घेऊन सरळ वर उसळतो, म्हणून ड्रॉपकिक, म्हणजे चेंडू जमिनीवर सोडून उसळताच मारलेली किक, जमते. त्या काळी ड्रॉपकिक हे गुण मिळवण्याचं नेहमीचं हत्यार होतं आणि शिकागो कार्डिनल्सचा पॅडी ड्रिस्कॉल त्यात वाकबगार मानला जाई.

ड्रॉपकिकचा सराव आठवडाभर आधी सुरू करा. चेंडू दोन्ही हातांनी कमरेच्या उंचीवर, टोक खाली, वरचं टोक किंचित स्वतःकडे झुकलेलं. हात वर न उचलता नुसता सोडायचा. टोक जमिनीला लागून चेंडू उठू लागतो त्याच क्षणी पाय लागला पाहिजे. किक कायम डावीकडे जात असेल तर चेंडू सोडताना एक हात आधी सुटतोय. किक उंचच जात नसेल तर टप्पा पायापासून लांब पडतोय. गवताच्या बुंध्यावर टप्पा पडला तर दोष कुणाचाच नाही, म्हणून किकची जागा निवडताना खाली बघावं.

माणसं

प्रत्येक बाजूला ११ खेळाडू आणि बाकावर चार-पाच. हल्लेखोर वेगळे आणि बचाव करणारे वेगळे ही पद्धत तेव्हा नव्हती. तेच ११ जण दोन्हीकडे खेळत. बाहेर गेलेला खेळाडू त्याच क्वार्टरमध्ये परत येत नाही. हा नियम काटेकोर पाळा, कारण दमछाक हा या खेळाचा भाग आहे. क्वार्टर तेव्हाही १५ मिनिटांचा होता, पण सवय नसेल तर १० मिनिटांचा करा. मध्यंतरात पाण्याबरोबर संत्र्याच्या फोडी ठेवा. आंबिया बहाराचा माल तेव्हा बाजारात असतोच.

संघ जमवायला अजनी-मोतीबाग भागातल्या रेल्वेच्या पोरांना विचारून बघा, त्यांना एक गोष्ट आवडेल. १९२० च्या हंगामातला कोलंबस पॅनहँडल्स हा संघ पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या कामगारांभोवती उभा राहिला होता. नेसर आडनावाचे सख्खे भाऊ त्याचा कणा. रेल्वेचे पास असल्याने प्रवासखर्च नाही, म्हणून ते बहुतेक सामने परगावीच खेळत. त्या हंगामातले आणखी काही संघ असे कंपन्यांचे होते. डिकेटर स्टेलीज एका स्टार्च कंपनीचा संघ होता, आणि तोच पुढे शिकागो बेअर्स झाला.

पंच चार: रेफरी, अंपायर, हेड लाइन्समन आणि फील्ड जज. दोघांकडे शिट्टी, दोघांकडे भोंगा. चूक दाखवायला पंचांनी टाकायचं फडकं नको, ते दोन दशकांनी आलं. लाइन्समनकडे १० यार्डांची साखळी लागते: ९.१४ मीटर, दोन्ही टोकांना काठ्या. ती सुतळीची करू नका. सुतळी ताणते आणि दव पडलं की आकसते, मग दर डाउनला, म्हणजे दर चालीला, भांडण. पातळ लोखंडी साखळी किंवा तार घ्या. एका काठीवर १ ते ४ आकड्यांच्या पाट्या अडकवायची सोय करा.

अंगाला हात न लावता

१९२० ला हेल्मेटची सक्ती नव्हती. एनएफएलमध्ये ती १९४३ ला आली. चामड्याच्या मऊ टोप्या काही जण घालत, काही घालत नसत. ही बाजू हुबेहूब करायला जाऊ नका. प्रशिक्षण नसलेली माणसं, संरक्षक साहित्य नाही आणि खाली मुरूम, अशा वेळी पकडून पाडणं पूर्ण बंद.

त्याऐवजी कमरेला दोन्ही बाजूंना सुती कापडाच्या पट्ट्या खोचा, ४५ सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर रुंद. एक पट्टी ओढली की डाउन संपला. पट्टी आपोआप गळाली तर एका हाताचा स्पर्श पुरे. पट्टी कमरपट्ट्याला गाठ मारून बांधायची नाही, नुसती खोचायची. बांधली तर ओढणाऱ्याची बोटं दुखावतात. चेंडूवाल्याने हाताने पट्टी झाकायची नाही, गिरकी घ्यायची नाही. हे पाळल्याशिवाय बचाव करणाऱ्यांना न्याय मिळत नाही आणि गुण १९२० च्या मानाने फार होतात. अडवणूक उभ्याने, हात छातीशी बांधून. किकऑफला, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या लांब किकला, दोन्ही संघ पूर्ण वेगाने समोरासमोर येतात, तिथे धडकेचा धोका सगळ्यात जास्त. म्हणून झेल घेणाऱ्याने हात वर केला की चेंडू तिथेच थांबला असं समजा.

नियम

बरेचसे ओळखीचे वाटतील. चार डाउनमध्ये १० यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना. गुण असे: टचडाउन (चेंडू समोरच्या एंड झोनमध्ये नेणं) ६, त्यानंतरची गोल किक १, फील्ड गोल ३, सेफ्टी (चेंडूवाल्याला त्याच्याच एंड झोनमध्ये अडवणं) २. टचडाउननंतर दोन गुणांचा पर्याय नाही. डाउन सुरू होताना चेंडूच्या आडव्या रेषेवर चेंडूवाल्या संघाचे किमान सात खेळाडू. किकऑफ स्वतःच्या ४० यार्डांवरून. प्लास्टिकची टी नाही, मातीची छोटी ढेकळी करून तिच्यावर चेंडू उभा करायचा.

वेगळे आहेत ते पुढचे, आणि सामना त्यांच्यावरच फिरतो.

पुढे पास फेकायचा तर फेकणारा रेषेपासून किमान पाच यार्ड मागे हवा. हे अंतर डोळ्यांनी मोजणं कठीण जातं. आखलेल्या पाच-पाच यार्डांच्या रेघा इथे अंपायरच्या कामी येतात. पायाजवळची रेघ आणि चेंडूची जागा बघून तो अंदाज बांधतो. पुसट आखणी केली असेल तर सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. दुसरं, पास समोरच्या एंड झोनमध्ये जाऊन पडला आणि कुणी झेलला नाही, तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याला, त्याच्या २० यार्डांवरून. पहिला डाउन असला तरी. गोलरेषेजवळ पास फेकणं म्हणजे जुगार, म्हणून तिथे सगळे धावतच.

हॅश मार्क नसल्याचा अर्थ असा की चेंडूवाला जिथे थांबला तिथूनच पुढचा डाउन. बाजूरेषेपासून दोन यार्डांवर थांबला तर दोन यार्डांवरून. सेंटर, म्हणजे चेंडू मागे देऊन डाउन सुरू करणारा, कडेला उभा, बाकीचे जवळपास सगळे एकाच बाजूला. बचाव करणाऱ्यांना ठाऊकच असतं की चेंडू आता उजवीकडेच जाणार. तेव्हा एक डाउन नुसता मैदानाच्या मध्याकडे सरकण्यात खर्च करावा लागतो, पुढे एक यार्डही न मिळवता. चारातला एक असा गेला की उरलेल्या तीनमध्ये १० यार्ड काढायचे. मैदान अरुंद केलं तर ही अडचण दर डाउनला येते, रुंद केलं तर येतच नाही. रुंदीला हात लावू नका म्हटलं ते यासाठी. चेंडू पूर्ण बाहेर गेला तर किती आत आणायचा, हे दोन्ही कप्तानांनी नाणेफेकीआधी ठरवावं. पाच यार्ड सोयीचं पडतं.

बाहेरून शिकवणं बंद. प्रशिक्षकाने बाजूरेषेवरून ओरडायचं नाही आणि बदली खेळाडूने आत आल्यावर पहिला डाउन होईपर्यंत बोलायचं नाही. नागपुरात या नियमाची अंमलबजावणी बाकी सगळ्यापेक्षा अवघड. 'पास दे ना बे!' ही आरोळी प्रेक्षकांतून येणारच. बाकावरून आली तर मात्र दंड लावा.

संघाने खेळायचं कसं

दर डाउनआधी गोल करून कुजबुजण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. संघ थेट रेषेवर उभे राहत आणि एक जण आकडे ओरडे. साधी खूण ठरवा: तीन आकडे, त्यातला मधला खरा. विषम म्हणजे डावीकडे, सम म्हणजे उजवीकडे, शून्य म्हणजे पंट, हातातून सोडलेल्या चेंडूला टप्पा पडण्याआधीच लाथ. समोरचेही मराठीच, मध्यंतरापर्यंत त्यांना उलगडतं. दुसऱ्या अर्ध्यात मधल्याऐवजी शेवटचा आकडा खरा करा. बदल सगळ्या अकरा जणांच्या डोक्यात शिरलाय ना, हे एकेकाला विचारून घ्या. नाहीतर पाच जण डावीकडे आणि सहा उजवीकडे.

रचना सिंगल विंग घ्या. सेंटर चेंडू हातात देत नाही, मागे चार-पाच यार्डांवरच्या टेलबॅककडे फेकतो. फुलबॅक त्याच्या शेजारी अर्धा यार्ड पुढे, ब्लॉकिंग बॅक रेषेच्या लगेच मागे आणि विंगबॅक जादा बाजूच्या शेवटच्या खेळाडूच्या बाहेर. रेषेवर एका बाजूला चार आणि दुसरीकडे दोन. सेंटर डोकं खाली घालून पायांमधून फेकतो, म्हणून सराव त्याचाच जास्त करून घ्या: सलग ३० फेकींत २७ टेलबॅकच्या पोटाच्या उंचीवर आल्या तरच त्याला सेंटर करा. नवख्या संघाचे निम्मे घोटाळे याच फेकीत होतात.

आणि पंट करा. चौथ्या डाउनची वाट बघू नका. स्वतःच्या २० यार्डांच्या आत सापडलात तर पहिल्या किंवा दुसऱ्या डाउनलाच लाथ मारून चेंडू लांब पाठवा आणि चूक करायची पाळी समोरच्यावर आणा. १९२० चे चांगले संघ असेच खेळत. नवख्यांना हा भेकडपणा वाटतो. पण चेंडू जाड, पासवर बंधनं, कडेला अडकण्याची भीती आणि दोन्हीकडे खेळून दमलेली तीच ११ माणसं, अशा वेळी स्वतःच्या गोलरेषेजवळ चेंडू हातात ठेवणं हाच खरा धोका असतो. दोन्ही बाजू असं खेळल्या की निकाल १२ डिसेंबर १९२० सारखा लागतो. शिकागोच्या कब्ज पार्कवर अक्रन आणि डिकेटर, ०–०. डिकेटरने त्या दिवशी कार्डिनल्सकडून ड्रिस्कॉल उसना आणला होता, तरीही.

तीन-चार संघांचा छोटा हंगाम करायचा असेल तर

उसन्या खेळाडूंचा प्रश्न आधी मिटवा. १९२० च्या संघांनी एकमेकांची माणसं पळवायची नाहीत असं बैठकीत ठरवलं होतं आणि डिसेंबरात ड्रिस्कॉल दुसऱ्याकडून खेळला. पहिल्या सामन्याआधी प्रत्येक संघाने १६ नावांची यादी द्यावी आणि ती गोठवावी.

दुसरा प्रश्न बरोबरीचा, आणि तो नंतर सोडवता येत नाही. १९२० मध्ये अधिकृत गुणतक्ताच नव्हता. हंगाम संपल्यावर अक्रन, डिकेटर आणि बफेलो तिघेही अजिंक्यपदावर हक्क सांगत होते. अखेर ३० एप्रिल १९२१ ला अक्रनमध्ये बैठक भरली आणि मतदानाने ते अक्रन प्रोजला दिलं गेलं. त्यांचे आकडे स्वतः मांडून बघा. अक्रन ८ विजय, ० पराभव, ३ बरोबरी. डिकेटर १०, १, २. बफेलो ९, १, १.

बरोबरी सोडून द्या: अक्रन १.०००, डिकेटर १० भागिले ११ म्हणजे ०.९०९, बफेलो ०.९००. अक्रन पहिला. बरोबरीला अर्धा विजय धरा, जसं एनएफएल १९७२ पासून धरतं: अक्रन ९.५ भागिले ११, म्हणजे ०.८६४, बफेलोही ९.५ भागिले ११, तेच ०.८६४; डिकेटर ११ भागिले १३, ०.८४६. आता दोघे पहिले. विजयाला २ आणि बरोबरीला १ गुण द्या: डिकेटर २२, बाकी दोघे १९. तीन पद्धती, तीन वेगळे निकाल, आणि एकाही सामन्याचा आकडा बदललेला नाही.

चार संघांच्या स्पर्धेत सगळे सारखेच सामने खेळत असतील तर विजयाला २ आणि बरोबरीला १ ही पद्धत घ्या. पावसाने किंवा मैदान न मिळाल्याने एखाद्याचा सामना कमी झाला तर टक्केवारी घ्या, बरोबरी अर्धी धरून. बरोबरी सोडून देणारी पहिली पद्धत वापरू नका. तिच्यात एक सामना जिंकून बाकी सगळे ०–० करणारा संघ पहिला येतो आणि शेवटच्या रविवारी दोन्ही बाजू नुसत्या पंट मारत बसतात.

कोणते सामने मोजायचे हेही लिहून ठेवा. अक्रनच्या त्या ८ विजयांत व्हीलिंग आणि सिनसिनाटी या संघटनेबाहेरच्या दोन संघांवरचे विजय आहेत. ते वगळले तर आकडा ६–०–३ होतो. तुमच्या स्पर्धेत एखाद्या संघाने मध्येच बाहेरच्या कॉलेजसंघाशी सराव सामना खेळला तर तो तक्त्यात येणार नाही, असं पहिल्याच कागदावर लिहा, सगळ्या कप्तानांच्या सह्या घ्या आणि प्रत्येकाला एक प्रत द्या. गुणलेखकाच्या वहीत प्रत्येक सामन्याची तारीख, क्वार्टरवार गुण आणि कुणाच्या हातून किंवा पायाने ते झाले एवढं तरी यावं. ही वही खेळाडूंपैकी कुणाकडे देऊ नका.